नगर प्रशासनातील उमेदवारी : फेलोशिपनंतरचा प्रश्न

देशातील नागरी स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये मंजूर पदांपैकी सरासरी ३७ टक्के पदे रिक्त असल्याचे नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या १८ राज्यांविषयीच्या लेखापरीक्षणातून २०२४ मध्ये समोर आले. बहुतेक राज्यांत ही पदे भरण्याचे पूर्ण अधिकारही या संस्थांकडे नाहीत. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ३७ कोटी ७० लाख नागरिक शहरांत राहतात. या पार्श्वभूमीवर तरुण पदवीधरांना ठराविक मुदतीसाठी नगर प्रशासनात आणणाऱ्या फेलोशिप आणि आंतरवासिता योजनांकडे गेल्या दशकात सरकारांचा ओढा वाढला, हे स्वाभाविकच होते.

महाराष्ट्रात २०१५ मध्ये मुख्यमंत्री फेलोशिप सुरू झाली. केंद्रात स्मार्ट सिटी अभियानाशी निगडित फेलोशिप आली. २०२०-२१ च्या अर्थसंकल्पात नव्या अभियंत्यांना नागरी संस्थांमध्ये एक वर्षापर्यंत आंतरवासितेची संधी देण्याची घोषणा झाली आणि ४ जून २०२० रोजी ‘ट्युलिप’ ही योजना कार्यान्वित करण्यात आली. या योजनांमधून हुशार मुले-मुली प्रशासनाच्या दारापर्यंत आली, यात शंका नाही. मात्र ती दारातून आत गेली का, आणि गेलीच तर तेथे टिकली का, हा प्रश्न वेगळा आहे.

या संदर्भात अमेरिकेतील कॅन्सास सिटीचा अनुभव उद्बोधक ठरावा. या शहराने १९२५ मध्ये नवी सनद स्वीकारली. निवडून आलेल्या परिषदेने एक व्यावसायिक नगर व्यवस्थापक नेमावा आणि दैनंदिन कारभार त्याच्यावर सोपवावा, अशी ती व्यवस्था होती. कागदावर ती निर्दोष होती. प्रत्यक्षात नेमलेले व्यवस्थापक हेन्री मॅकेलरॉय हे टॉम पेंडरगास्ट या स्थानिक राजकीय पुढाऱ्याच्या गोटातील निघाले आणि महापालिकेतील नोकऱ्या कार्यकर्त्यांना वाटण्याचे साधन बनल्या. १९३९ मध्ये पेंडरगास्ट यांना करचुकवेगिरीच्या गुन्ह्यात शिक्षा झाली आणि मॅकेलरॉय यांनीही पद सोडले. १९४० मध्ये आलेले एल. पी. कुकिंगहॅम १९५९ पर्यंत व्यवस्थापक होते. वशिल्याने भरलेली पदे त्यांनी मोठ्या संख्येने कमी केली. पण त्यांचे नाव आज घेतले जाते ते प्रामुख्याने दुसऱ्या कारणाने. तरुण पदव्युत्तरांना महापालिकेत घेऊन, कामाला लावून, त्यांच्यातून नगर व्यवस्थापक घडविण्याची पद्धत त्यांनी रुजविली. त्या शहराची व्यवस्थापन फेलोशिप आजही त्यांचे नाव धारण करते.

ॲरिझोनातील फीनिक्स, कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथेही अशीच परंपरा आहे. या योजनांचे वैशिष्ट्य म्हणजे फिरती नेमणूक. फेलो काही महिने अर्थसंकल्प कार्यालयात, काही महिने एखाद्या सेवा विभागात, काही काळ थेट व्यवस्थापकांच्या कार्यालयात काम करतो. इंग्लंडमध्ये स्थानिक शासन संघटनेचा दोन वर्षांचा पदवीधर कार्यक्रमही याच तत्त्वावर चालतो. याउलट न्यूयॉर्कची १९६९ पासूनची नऊ महिन्यांची फेलोशिप मुख्यतः एकाच कार्यालयात व्यतीत होते.

फिरतीचा लाभ वरवर वाटतो त्याहून खोल आहे. घनकचरा विभागात बसणाऱ्याला वाहनांची कमतरता दिसते; लेखा विभागात बसणाऱ्याला त्याच वाहनांच्या दुरुस्तीची थकीत देयके दिसतात; सामान्य प्रशासनात चालकांची न भरलेली पदे दिसतात. तिन्ही ठिकाणी बसलेल्यालाच कचरा का उचलला जात नाही याचे खरे उत्तर सापडते. फाईल कोणत्या टेबलावर, कोणत्या शेऱ्याने अडते, हे ज्ञान कोणत्याही अभ्यासक्रमात मिळत नाही. भारतातील फेलोंची नेमणूक मात्र बहुधा मंत्रालय, आयुक्त वा अभियान कक्ष अशा एकाच वरिष्ठ कार्यालयात होते. तेथे सादरीकरणे उत्तम तयार होतात. प्रभाग कार्यालयातील कनिष्ठ अभियंत्याशी गाठ क्वचितच पडते.

त्याहून गंभीर बाब मुदत संपल्यानंतरची आहे. कॅन्सास सिटीच्या फेलोसमोर व्यवस्थापनातील सहायक पदांची शिडी असते, आणि नगर व्यवस्थापकांची १९१४ मध्ये स्थापन झालेली संघटना हा व्यवसाय म्हणून जपते; एका शहरातील अनुभव दुसऱ्या शहरात ग्राह्य धरला जातो. भारतात फेलो प्रमाणपत्र घेऊन सल्लागार कंपनीत, परदेशी विद्यापीठात किंवा स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत जातो. शहराने वर्षभर शिकविलेले शहराकडे राहत नाही.

आणि संरक्षण नसलेली जागा राजकारणाच्या वाऱ्यासमोर उभी असते. जुलै २०२३ मध्ये दिल्ली सरकारच्या विविध विभागांत फेलो, सहयोगी फेलो, सल्लागार अशा नावांनी काम करणाऱ्या सुमारे ४०० जणांच्या सेवा नायब राज्यपालांच्या मंजुरीने समाप्त करण्यात आल्या. नियुक्त्या विहित प्रक्रियेविना झाल्याचा आक्षेप प्रशासनाने घेतला, तत्कालीन सरकारने तो अमान्य केला. वादात कोणाचे खरे होते हे क्षणभर बाजूला ठेवले तरी सुट्टी मिळाली ती काम करणाऱ्यांना.

फेलोंना थेट सेवेत सामावून घ्यावे, हा सोपा वाटणारा उपाय कायद्याने बंद आहे आणि तो बंद असणेच योग्य आहे. कर्नाटक राज्य विरुद्ध उमादेवी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने एप्रिल २००६ मध्ये स्पष्ट केले की, रीतसर स्पर्धेविना नेमलेल्यांना कायम होण्याचा हक्क नाही. मागील दाराने प्रवेश खुला केला तर पेंडरगास्टच्या काळातील कॅन्सास सिटी कोठेही अवतरू शकते. उरतो तो मधला मार्ग : निवड खुल्या परीक्षेने, विभागांतून फिरती उमेदवारी, आणि पुढे नगरपालिका संवर्गाच्या भरतीत त्या अनुभवाला ठरलेले गुण. इशर जज अहलुवालिया यांच्या अध्यक्षतेखालील उच्चाधिकार समितीने मार्च २०११ च्या अहवालात राज्यांनी नगरपालिका संवर्ग उभारावेत वा सुधारावेत, तसेच दरवर्षी केंद्रीय सेवांमधील ३०० अधिकाऱ्यांना नागरी विषयाचे प्रशिक्षण द्यावे, असे सुचविले होते.

महाराष्ट्रात लोकसेवा आयोगामार्फत निवडले जाणारे मुख्याधिकारी आहेत. म्हणजे संवर्ग शून्यातून निर्माण करावा लागणार नाही. त्यांच्या हाताखाली फेलोने दोन-तीन नगरपरिषदांतून फिरावे आणि तो काळ सेवाप्रवेशात मोजला जावा, यासाठी नियमांत दुरुस्ती मात्र लागेल. स्थानिक शासन हा राज्यसूचीतील विषय असल्याने ती केंद्राच्या कोणत्याही योजनेतून होणारी नाही. राज्यांच्या नगरविकास विभागांनाच करावी लागेल.