वाय-फायची किल्ली कुणाच्या कमरेला?

परभणीत आता गल्लोगल्ली इंटरनेटच्या तारा लोंबकळताहेत. खांबावरून गच्चीवर, गच्चीवरून खिडकीतून आत, आणि टीव्हीच्या वर एक लुकलुकणारा डबा. 'जगात जर्मनी आणि भारतात परभणी' असं आपण म्हणतोच, त्यात हे आलं! पण मैत्रिणींनो, त्या डब्याचा पासवर्ड घरात कुणाला माहीत आहे? ओळखीपाळखीत विचारलं की उत्तर येतं, "पोरगा सांगेल." पोरगा असतो पुण्याला शिकायला. नाहीतर, "तार टाकणाऱ्यानंच काहीतरी टाकून दिलाय." हे 'काहीतरी' म्हणजे घरच्याच कुणाचा मोबाईल नंबर, किंवा आडनावापुढं १२३.

गंमत म्हणजे घरच्या बाईला ठाऊक नसलेला हा पासवर्ड अख्ख्या गल्लीला पाठ असतो. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू, समोरच्या वहिनींचा भाचा. वाय-फाय मागणं विरजण मागण्याइतकं साधं झालंय. शेजारधर्म आहे, नाही कसं म्हणायचं? पण विरजण वाटीभर जातं नि तिथंच संपतं. पासवर्ड मात्र एकाकडून दुसऱ्याकडं जातो, आणि त्यावरून कुणी काही उद्योग केले तर माग निघतो तो तुमच्या कनेक्शनच्या नावावर.

उगीच भीती घालत नाही. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल गेला होता. पोलिसांनी माग काढला तर तो निघाला नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका फ्लॅटमधून! तिथं राहणाऱ्या अमेरिकन गृहस्थाचा त्याच्याशी संबंध नव्हता. त्याचं वाय-फाय भलत्यानंच वापरलं होतं. तरी चौकशी त्याच्या मागं लागलीच. पुढच्या दोन महिन्यांत मुंबईच्या खालसा कॉलेजचं आणि चेंबूरच्या एका कंपनीचं वाय-फाय असंच वापरलं गेलं. शेवटी जानेवारी २००९ मध्ये मुंबईचे पोलीस रस्तोरस्ती फिरून उघडी वाय-फाय शोधू लागले. उद्या आपल्या दारात पोलीस आले तर दुपारच्या वेळी दार उघडणार कोण? आपणच ना!

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, ही किल्ली घरच्या बाईकडं हवी. कपाटाची किल्ली आपल्याकडं, गॅसचं पुस्तक आपल्याकडं, मग याच एका डब्याचं घोडं कुठं अडतं?

काम दहा-पंधरा मिनिटांचं आहे. डबा उलटा करा. खाली चिकटवलेल्या कागदावर बहुधा एक आकडा असतो, १९२.१६८.१.१ असा काहीतरी. मोबाईल घरच्या वाय-फायला जोडून ब्राउजरमध्ये तो आकडा टाकला की डब्याचं आतलं पान उघडतं. इथं एक नीट ध्यानात घ्या, पासवर्ड दोन असतात. एक वाय-फायला जोडायचा, दुसरा या आतल्या पानाचा. पहिला कुणीतरी कधीतरी बदलतं. दुसरा कारखान्यातून आला तसाच, 'अ‍ॅडमिन', वर्षानुवर्षं राहतो. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या हजारो ग्राहकांचे मॉडेम व्हायरसनं बंद पाडले, ते याच न बदललेल्या पासवर्डच्या जोरावर. तेव्हा दोन्ही बदला. एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत जोडून लिहा. आपल्याला विसरायला नको, दुसऱ्याला सुचायला नको. सुरक्षेच्या रकान्यात 'डब्ल्यूपीए२' किंवा 'डब्ल्यूपीए३' निवडा. कुणाकुणाचे मोबाईल जोडलेत त्याची यादीही तिथंच दिसते. वाचून करमणूक होईल! बऱ्याच डब्यांत 'गेस्ट' नावाचं वेगळं वाय-फाय असतं, ते आल्यागेल्यांसाठी चालू करायचं. पाहुणे गेले की बंद. नाव मात्र तिथंही आपलंच लागतं, हे विसरू नका.

कॅमेऱ्याबद्दल तर मला जास्तच बोलायचंय. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या कॅमेऱ्यांतली, बायकांच्या तपासणीची दृश्यं इंटरनेटवर विकली गेल्याचं उघड झालं. अटक झालेल्यांत एक जण आपल्या शेजारच्या लातूरचा होता. त्या लेकीबाळींचा काय गुन्हा? घराच्या फाटकावर कॅमेरा लावा, हरकत नाही, पण त्याचाही मूळचा पासवर्ड त्याच दिवशी बदला. आणि घरात, माजघरात, झोपायच्या खोलीत? माझ्या मते मुळीच नको. सून काय करते ते पाहायला म्हणून कॅमेरा लावणारी घरं मला ठाऊक आहेत. सुनेवर नजर ठेवता ठेवता ती दृश्यं आणखी कोण पाहतंय, हे त्यांना कोण सांगणार?

"तुला काय कळतं त्यातलं?" असं घरात कुणी म्हणेलच. म्हणू द्या. भिशीचा हिशेब आणि बचत गटाची खाती सांभाळणाऱ्या बाईला एक पान उघडून दोन शब्द बदलणं जड नाही. नवा पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवला तरी चालेल. फक्त भिंतीवरच्या कॅलेंडरच्या कोपऱ्यात नको. तिथं दूधवाल्यापासून सगळ्यांची नजर जाते.