दहा हजार तलांतांची थकबाकी

भाईंदर स्थानकाच्या पश्चिमेला उतरून उत्तनच्या बसमध्ये बसले, की मुर्धे, राई, मोर्वा ही गावे मागे पडत जातात, मिठागरांवरून खारा वारा खिडकीतून आत येतो आणि मग डोंगरी, तारोडीची झाडी सुरू होते. बँकेतल्या नोकरीची तीस-बत्तीस वर्षे मी महाराष्ट्रभर बदल्यांवर काढली. निवृत्तीनंतर तारोडीच्या वडिलोपार्जित घरी परतलो, तेव्हा दोन कामे करायची ठरवली होती. एक, अर्धवट राहिलेली कादंबरी पुरी करायची. दुसरे, ज्या शुभवर्तमानाचा उतारा जन्मभर दर रविवारी उभ्याने ऐकला, तो एकदा बसून वाचायचा. कादंबरी अजून अर्धवटच आहे. वाचनाने मात्र मला अशा ठिकाणी नेऊन उभे केले, की ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

आमच्या चर्चमधील वाचनांचे चक्र तीन वर्षांचे असते. एक वर्ष मुख्यतः मत्तयचे, दुसरे मार्कचे, तिसरे लूकचे. योहानाचे शुभवर्तमान विशेषेकरून ईस्टरच्या काळात वाचले जाते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२ ते १९६५) ही रचना आली आणि तिच्याबरोबर लोकभाषाही आली. माझ्या आईच्या तरुणपणी मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. तिला प्रार्थना पाठ होत्या, पण अर्थ विचारला की ती म्हणे, "देवाला कळतंय ना? मग झालं!" त्या उत्तरात श्रद्धा होती, आणि थोडी लाचारीही होती.

आपल्या भाषेत शुभवर्तमान मिळावे ही धडपड मात्र फार जुनी आहे. इंग्लंडहून १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओवीत 'ख्रिस्तपुराण' रचले, ते १६१६ साली छापले गेले. पुढे १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषा मोडीत काढण्याचा हुकूम सोडला, तरी ते पुराण लोकांच्या ओठांवर टिकून राहिले. १८०५ साली विल्यम कॅरी यांनी दूर बंगालमधल्या सेरामपूरला मत्तयचे शुभवर्तमान मराठीत छापले. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत अख्खे बायबल आणले. १९२२ साली त्या गेल्या आणि १९२४ साली ते प्रसिद्ध झाले. आमच्या शेजारच्या वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' २०१० साली आले. एवढ्यांनी एवढे कष्ट उपसले, आणि आमच्या घरात ते पुस्तक कपाटावर, कापडात गुंडाळून, उदबत्तीच्या धुराने पिवळे पडत राहिले! कपाटावर ठेवलेले पुस्तक कुणाला अडचणीचे प्रश्न विचारत नाही.

२०२३ हे वर्ष मत्तयचे होते. मत्तय हा जकात वसूल करणारा, असे परंपरा मानते. आकड्यांशी ज्याचा संबंध तो आपल्या जातकुळीचा, म्हणून मी त्याच्याच शुभवर्तमानापासून सुरुवात केली. रोज सकाळी चहानंतर एक उतारा, शेजारी दोन-तीन भाषांतरे आणि एक वही. सप्टेंबर महिन्यात अठराव्या अध्यायापाशी आलो, आणि थबकलो.

गोष्ट अनेकांना ठाऊक असेल. पेत्र विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करावी, सात वेळा? येशू उत्तरादाखल एका राजाची गोष्ट सांगतो. राजाने चाकरांचा हिशेब मागितला. एकाकडे दहा हजार तलांत निघाले. चाकर पाया पडला, मुदत मागू लागला. राजाला कळवळा आला आणि त्याने सगळे कर्जच माफ केले. तो चाकर बाहेर पडला तो थेट आपल्या सोबत्याच्या नरडीला जाऊन भिडला, कारण सोबत्याकडे त्याचे शंभर दीनार येणे होते. सोबत्याने जवळजवळ त्याच शब्दांत मुदत मागितली. याने त्याला तुरुंगात टाकले.

इथे माझ्यातला बँकवाला जागा झाला. एक तलांत म्हणजे सहा हजार दीनार. एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. मत्तयच्याच विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्यातल्या मजुरांना तोच दर मिळतो. म्हणजे दहा हजार तलांत म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. एकाही दिवसाची सुटी न घेता फेडायची म्हटली, तरी एक लाख चौसष्ट हजार वर्षे लागतील! आजची मजुरी पाचशे रुपये धरली तर एकीकडे तीन हजार कोटी आणि दुसरीकडे पन्नास हजार. योसेफस या ज्यू इतिहासकाराच्या आकड्यांवरून पाहिले, तर हेरोद राजाच्या साऱ्या मुलखाचे वर्षाचे उत्पन्नही हजार तलांतांपर्यंत पोहोचत नव्हते. असले कर्ज एका चाकराला मंजूर केले कुणी, तारण काय घेतले, हे प्रश्न मी वहीत लिहिले आणि स्वतःशीच हसलो. मग 'सत्तर वेळा सात' की 'सत्याहत्तर' यावर भाषांतरांत एकमत का नाही, ते शोधले. मूळ ग्रीक शब्दप्रयोगाचे दोन्ही अर्थ होतात. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात लामेख सत्याहत्तर पट सुडाची बढाई मारतो, तिचे हे उत्तर असावे असे अभ्यासक म्हणतात, तेही टिपले. चार पाने भरली. आपण फार मोठा अभ्यास केला, अशा समाधानात मी वही मिटली.

त्या चार पानांत माझ्या थोरल्या बहिणीचे नाव कुठेही नव्हते.

त्याच आठवड्यात आमच्या आळीतल्या समूहाची बैठक होती. दहा-बारा घरांनी पाळीपाळीने एकेकाच्या घरी जमायचे आणि येत्या रविवारचा उतारा एकत्र वाचायचा, अशी ही पद्धत आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या लुम्को संस्थेने तिच्या सात पायऱ्या आखून दिल्या. प्रभूला बोलवायचे, उतारा वाचायचा, मनात भरलेला शब्द मोठ्याने म्हणायचा, काही वेळ गप्प बसायचे, मग आपल्याला काय ऐकू आले ते सांगायचे, त्यावर काय करायचे ते ठरवायचे आणि शेवटी प्रार्थना. तिथे प्रवचन नाही, वादविवादही नाही. त्यामुळे माझ्यासारख्या वही घेऊन आलेल्या माणसाची मोठी पंचाईत होते.

तरी मी माझा हिशेब सांगितलाच. तीन हजार कोटी ऐकून पोरे चकित झाली. मग उत्तनहून आमच्या गावात लग्न होऊन आलेली, भाईंदरच्या बाजारात मासळी विकून घर उभे केलेली एक मावशी बोलली. तिचे शिक्षण चौथीपर्यंतचे. ती म्हणाली, "मला वाटतं, त्या चाकराला आपलं कर्ज माफ झालं हे खरंच वाटलं नसेल. त्यानं मुदत मागितली होती. बाहेर आला तेव्हा त्याच्या डोक्यात तेच, आता एवढे पैसे आणू कुठून! म्हणून धावला शंभरासाठी."

मी चारही पाने विसरलो. कारण हे मी डोळ्यांनी पाहिले होते. २००८ साली केंद्र सरकारने अर्थसंकल्पात सुमारे साठ हजार कोटींची शेतकरी कर्जमाफी जाहीर केली, तेव्हा मी एका खेड्यातल्या शाखेत होतो. कर्ज माफ झालेले म्हातारे शेतकरी पुन्हा पुन्हा काउंटरवर येत. यादीत नाव दाखवले तरी त्यांचा विश्वास बसत नसे. बेबाकी दाखला हातात पडला तरी, "साहेब, परत नोटीस तर नाही ना येणार?" असे विचारत. ज्याला आपले देणे संपले हे पटत नाही, तो दुसऱ्याचे देणे सोडीत नाही. मासळीवाल्या मावशीला जे एका ऐकण्यात दिसले, ते मला चार पाने भरूनही दिसले नव्हते.

मग यजमानांच्या सुनेने सहजच विचारले, "या गोष्टीत आपण कोण?" एक म्हणाला सोबती, एक म्हणाली चुगली करणारे बाकीचे चाकर. मी म्हणालो, "मी राजाचा हिशेबनीस." सगळे हसले. पण त्यानंतरच्या शांततेत मला हसू आले नाही.

२००१ साली वडील गेले. घर आणि मागची वाडी माझ्या नावावर करण्यासाठी मी हक्कसोडपत्र तयार करवून घेतले. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे ख्रिस्ती मुलीला बापाच्या मिळकतीत मुलाइतकाच वाटा असतो. हे मला पक्के माहीत होते, तिला नव्हते. निबंधक कार्यालयात तिने कागद वाचला नाही. "तू बँकेत आहेस, तू बरोबरच केलं असशील," असे म्हणून सही केली. पुढे तिला कुणी तरी कायदा सांगितला. तिने भांडण केले नाही, फक्त सणाला येणे बंद केले. मी मात्र मनात हिशेब मांडला, तिच्या लग्नात मी किती खर्च केला, आईचे आजारपण कुणी काढले. आणि काही वर्षांनी मोठ्या मनाने ठरवले, की जाऊ दे, तिला क्षमा केली!

बँकेत 'राइट ऑफ' आणि 'माफी' या दोन वेगळ्या गोष्टी असतात. राइट ऑफ म्हणजे कर्ज ताळेबंदातून काढायचे, वसुलीचा हक्क मात्र शाबूत ठेवायचा. माफी म्हणजे देणेच संपले. बहिणीला मी राइट ऑफ केले होते. आणि त्याहून लाजिरवाणी गोष्ट अशी, की त्या खात्यात येणे माझे नव्हतेच. ऋणको मी होतो.

आज डोंगरीचे नाव मेट्रोच्या कारशेडमुळे वर्तमानपत्रांत झळकते. आमच्याकडच्या जमिनीचे भाव घराघरांत बोलले जातात. भावाभावांत कुंपणे पडली आहेत, बहिणींच्या सह्या घेतल्या जात आहेत. त्याच घरांतून रविवारी आम्ही डोंगरीच्या चर्चला जातो आणि अठरावा अध्याय ऐकतो. म्हणून मला सांगावेसे वाटते, की धर्मग्रंथ घरी एकट्याने वाचावा आणि चारचौघांतही वाचावा. एकाने दुसऱ्याची भरपाई होत नाही. घरी वाचले नाही, तर मंडळीत बसून आपण दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पितो. जे फादर सांगतील तेवढेच. आणि मंडळीत वाचले नाही, तर आपण गोष्टीतल्या राजाच्या आसनावर जाऊन बसतो, कारण तिथून उठ म्हणणारे कुणी नसते. चुकीचा हिशेब ज्याने लिहिला त्यानेच तपासू नये, हा लेखापरीक्षणाचा पहिला नियम आहे.

हे काही ख्रिस्ती घरांपुरते नाही. ज्ञानेश्वरीचे पारायण करणाऱ्या घरांनाही हे पटेल. पोथी एकांतात उलगडते, पण तिची परीक्षा शेजारघरी होते. आमच्यापुढे आणखी एक अडचण आहे. नातवंडे इंग्रजी माध्यमातली, त्यांना मराठी शुभवर्तमान अडखळत वाचता येते. अडखळू द्यावे. शनिवारी संध्याकाळी टीव्ही दहा मिनिटे बंद करून पुढच्या दिवसाचा उतारा घरातल्या लहानाने मोठ्याने वाचावा. आमच्याकडे नातू 'थकबाकी' म्हणजे काय असे विचारतो, आणि आजोबांना उत्तर द्यावे लागते.

सहाव्या पायरीवर, काय करायचे ते ठरवताना, मी समूहात काहीच बोललो नाही. पण त्या रविवारी, १७ सप्टेंबरला, मिस्सा आटोपून मी थेट बहिणीच्या घरी गेलो. बावीस वर्षांत पहिल्यांदाच बोलावल्यावाचून गेलो होतो. काय बोलायचे ते पाठ केले होते, ते दारातच विसरलो. "बाय, तो कागद चुकीचा होता," एवढेच म्हणालो. तिने चहा टाकला. कप पुढे करीत म्हणाली, "बँकेतल्या माणसाला एवढा वेळ लागला होय रे हिशेब जुळवायला?"

वाडीतला तिचा वाटा तिच्या नावावर करण्याचे काम अजून पुरे झालेले नाही. माझ्या मुलांना ते फारसे रुचलेले नाही, आणि मी त्यांना दोष देत नाही. हिशेब त्यांनी माझ्याकडूनच शिकला आहे. पण त्या नाताळला ती घरी आली. जेवणानंतर नातवाने उतारा वाचला. अडखळला तिथे तिने शब्द सांगितला.