चोचले नव्हेत, भांडवल

झाशीहून ललितपूरच्या रस्त्याला लागलं की बिजौलीची औद्योगिक वसाहत येते. जवळच खैलारला ‘भेल’चा ट्रान्सफॉर्मरचा कारखाना. सगळा मुलूख बुंदेलखंडाचा, म्हणजे पाण्याची कायमची ओढ. अशा ठिकाणी शाश्वत उद्योगाचा विषय काढला की ठरलेलं उत्तर मिळतं: “हे बड्या कंपन्यांचे चोचले. आम्ही आधी धंदा सांभाळू.”

पहिला आक्षेप खर्चाचा. पण पाणी आटल्यावर टँकरला मोजलेले पैसे आणि बंद पडलेली पाळी हा खर्च कुणाच्या खात्यावर मांडायचा? शिवाय शाश्वत वाट म्हणजे नुसता खर्च नव्हे. शेजारच्या ओरछ्यात ‘डेव्हलपमेंट अल्टरनेटिव्हज’ संस्थेच्या ताराग्राममध्ये कापडाच्या चिंध्यांचा हातकागद झाला. तळ्याकाठी माजणारं बेशरम नावाचं तण नव्वदच्या दशकात तिथे गॅसिफायरमध्ये घालून वीज काढली गेली. ज्याला कुणी हात लावत नव्हतं, तोच कच्चा माल ठरला.

दुसरा आक्षेप: गिऱ्हाईक भाव बघतं, बाकी काही नाही. मग २०१० साल आठवावं. क्लोरमेक्वाट क्लोराइड या रसायनाचा अंश सापडला म्हणून भारतीय द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले. तिथे स्वस्ताई कामाला आली नाही. कोणत्या बागेत कोणती फवारणी कधी झाली, याची चोख नोंद आणि तपासणी हीच पुढे बाजाराची किल्ली ठरली. नाशिकजवळ मोहाडीची शेतकऱ्यांची ‘सह्याद्री फार्म्स’ याच शिस्तीवर निर्यातीत मोठी झाली.

तिसरा आक्षेप मात्र अर्धा खरा आहे: पुष्कळांची हिरवाई पाटीपुरतीच असते. दारात चार झाडं आणि मागच्या नाल्यात रंगीत पाणी, याला शाश्वतता म्हणत नाहीत. पण सोंग खोटं निघालं म्हणून मूळ गोष्ट खोटी ठरत नाही.

आता मुद्द्याचं. यंत्र तुम्ही आणता, तसंच शेजारीही आणतो. भाव तुम्ही पाडता, तोही पाडतो. वर्षानुवर्षांची पाण्याची, विजेची, कचऱ्याची नोंद मात्र त्याला रातोरात विकत घेता येत नाही. ‘सेबी’ने मोठ्या सूचीबद्ध कंपन्यांकडून असा हिशेब मागायला सुरुवात केली आहे. युरोपने पोलाद, अॅल्युमिनिअमच्या आयातीवर कार्बनचा आकार आणला आहे. आज ना उद्या हिशेबाचा हा प्रश्न सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कारखान्याच्या दाराशी येणारच.

तेव्हा बिजौलीच्या कारखानदारांनो, प्रमाणपत्राच्या मागे नंतर धावा. आधी पाण्याला मीटर बसवा आणि नोंदवही ठेवा.