बरोबरीला विक्रमाची अट नको

मराठी वाचकाला आत्मकथनाचे सामर्थ्य पटवून द्यावे लागत नाही. १९७८ साली दया पवारांचे ‘बलुतं’ प्रकाशित झाले आणि ज्या जगण्याची नोंद कोणत्याही सरकारी दप्तरात नव्हती, ते जगणे साहित्यात आणि इतिहासातही दाखल झाले. याच वळणाचे काही लेखन अमेरिकेत झाले आहे. त्याकडे मात्र आपले फारसे लक्ष गेलेले नाही. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमाने चालविणाऱ्या कृष्णवर्णीय वैमानिकांनी निवृत्तीनंतर, सत्तरी उलटल्यावर, आपल्या आठवणी लिहिल्या. बेंजामिन डेव्हिस (धाकटे) यांचे आत्मचरित्र १९९१ साली, चार्ल्स ड्रायडेन यांचे १९९७ साली आणि अलेक्झांडर जेफरसन यांचे २००५ साली प्रसिद्ध झाले. इतिहासाच्या शिक्षकाने ही पुस्तके कशी वाचावीत आणि विद्यार्थ्यांनी त्यांतून काय घ्यावे, याविषयी माझे मत येथे मांडीत आहे.

प्रथम पार्श्वभूमी. १९२५ साली अमेरिकेतील ‘आर्मी वॉर कॉलेज’ या उच्च लष्करी शिक्षणसंस्थेने एक अहवाल तयार केला. कृष्णवर्णीय माणूस बुद्धीने आणि धैर्याने उणा असतो, नेतृत्वाला तो लायक नसतो, असा त्या अहवालाचा सूर होता. पूर्वग्रहाला शास्त्राचा वेष चढविला की तो किती काळ टिकतो, हे आपल्याला ठाऊक आहे. १९३२ साली डेव्हिस वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीत दाखल झाले, तेव्हा त्यांच्याशी कामापुरते सोडून कोणीही बोलावयाचे नाही, असे इतर छात्रांनी ठरविले. चार वर्षे ते खोलीत एकटे राहिले, एकटे जेवले. १९३६ साली २७६ छात्रांत ३५वा क्रमांक मिळवून ते उत्तीर्ण झाले. परंतु हवाई दलात जाण्याची त्यांची मागणी तत्पूर्वीच फेटाळली गेली होती. कृष्णवर्णीयांची तुकडीच नाही, तर कृष्णवर्णीय वैमानिक कशाला, हे त्यामागचे कारण होते.

कृष्णवर्णीय संघटना आणि वृत्तपत्रांच्या दडपणामुळे अखेर १९४१ च्या जुलै महिन्यात अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे प्रशिक्षण सुरू झाले. पहिल्या तुकडीत तेरा जण होते. मार्च १९४२ मध्ये त्यांपैकी पाच जणांना वैमानिकाचे पंख मिळाले. त्या पाचांत डेव्हिस होते. १९४६ पर्यंत तेथून सुमारे १००० वैमानिक तयार झाले. मात्र त्यांच्या तुकड्या वेगळ्या, भोजनगृहे वेगळी, निवासही वेगळा. आकाश तेवढे वाटून घेता आले नव्हते.

या वैमानिकांच्या आठवणींचे पहिले मोल असे की, लष्करी कागदपत्रांत जे कधीच उतरत नाही ते त्यांत उतरले आहे. जेफरसन यांचे उदाहरण घ्या. १२ ऑगस्ट १९४४ रोजी दक्षिण फ्रान्समधील तुलाँजवळच्या रडार केंद्रांवर हल्ला करीत असताना जमिनीवरील तोफांच्या माऱ्याने त्यांचे विमान पेटले आणि त्यांना हवाई छत्रीने उडी घ्यावी लागली. लष्करी नोंद येथे संपते : एक विमान नष्ट, एक वैमानिक बेपत्ता. पुढची हकीकत फक्त तेच सांगू शकत होते. चौकशी करणाऱ्या जर्मन अधिकाऱ्याजवळ त्यांच्या तुकडीविषयीची स्वतंत्र नोंदवही होती. तिच्यात त्यांच्या शाळेतील गुणांपर्यंतची माहिती होती. युद्धकैद्यांच्या छावणीत, नवा आलेला कैदी हा जर्मनांचा हेर तर नसेल ना, या धास्तीने गोरे अमेरिकी अधिकारी सावध असत. तेथे दक्षिणेकडील बोली बोलणाऱ्या एका गोऱ्या अधिकाऱ्याने जेफरसन यांना आपल्या खोलीत घेतले. कारण कृष्णवर्णीय माणूस जर्मनांचा हेर असणे शक्यच नव्हते. मायदेशात ज्या कातडीमुळे दारे बंद होत, त्याच कातडीमुळे कैदेत एक दार उघडले.

एप्रिल १९४५ च्या अखेरीस त्यांची सुटका झाली. त्यानंतर त्यांनी डाखाऊची छळछावणी पाहिली. वंशश्रेष्ठत्वाची कल्पना तिच्या शेवटच्या पायरीपर्यंत नेली की काय होते, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आणि तेथील दुर्गंध आयुष्यभर विसरले नाहीत. मग ते जहाजाने न्यूयॉर्कला परतले. जहाजाच्या उतरत्या फळीच्या टोकाशी गोऱ्यांनी एका बाजूला आणि कृष्णवर्णीयांनी दुसऱ्या बाजूला जावे, अशी व्यवस्था होती. ड्रायडेन यांनी नोंदविलेला अनुभव याच्याच जोडीचा आहे. दक्षिण कॅरोलिनातील वॉल्टरबरो येथील तळावर जर्मन युद्धकैद्यांना जेथे मुक्तपणे जाता येत असे, तेथे गणवेशातील कृष्णवर्णीय अमेरिकी अधिकाऱ्यांना मज्जाव होता. असे अपमान कोणत्याही मोहिमेच्या अहवालात येत नाहीत. ज्याने ते सोसले त्याने लिहिले नाही, तर ते घडलेच नव्हते असे मानणाऱ्यांची सोय होते.

येथवर कोणाचे दुमत होणार नाही. अवघड प्रश्न पुढे आहे.

या वैमानिकांविषयी एक कीर्ती अनेक वर्षे सांगितली जात होती : त्यांच्या संरक्षणाखाली गेलेले एकही बॉम्बफेकी विमान शत्रूच्या विमानांना कधीच पाडता आले नाही. मार्च १९४५ मध्ये शिकागोतील एका कृष्णवर्णीय वृत्तपत्राने अशा अर्थाचे वृत्त दिले होते. पुढे ते पुस्तकांत, भाषणांत, चित्रपटांत शिरले. २००६ नंतर अमेरिकी हवाई दलाच्या इतिहास संशोधन संस्थेतील डॅनियल हॉलमन यांनी मोहिमांचे अहवाल आणि हरवलेल्या विमानांच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या. त्यांतून असे दिसले की, या वैमानिकांच्या संरक्षणाखालील २७ बॉम्बफेकी विमाने शत्रूच्या विमानांनी पाडली होती. त्याच पंधराव्या हवाई दलातील अन्य लढाऊ गटांची सरासरी ४६ होती.

हा निष्कर्ष अनेकांना रुचला नाही. ज्यांना आयुष्यभर भित्रे ठरविले गेले, त्यांच्या उतारवयातील मानाला धक्का कशाला द्यावा, अशी भावना होती. ती मी समजू शकतो. तरीही हॉलमन यांनी केले ते योग्यच केले, असे माझे स्पष्ट मत आहे आणि त्याचे कारण केवळ संशोधनाची शिस्त हे नाही.

ही दंतकथा जन्मली कशी, ते पाहा. ज्याच्यावर नालायकीचा आरोप असतो, त्याला वाटते की निष्कलंक कामगिरी हेच एक उत्तर आहे. पण ते उत्तर स्वीकारताना आपण आरोप करणाऱ्याची अटही स्वीकारतो. एकही विमान पडले नाही म्हणून हे लोक बरोबरीचे, असे म्हटले की एक विमान पडताच बरोबरीही पडते. अन्य गटांनी सरासरी ४६ विमाने गमावली. म्हणून गोऱ्या माणसाला विमान चालविता येत नाही, असे कोणी म्हटले नाही. त्यांची चूक त्या त्या वैमानिकाची असे. कृष्णवर्णीयाची चूक मात्र साऱ्या समाजाच्या नावावर लिहिली जाई. विषमता खरी येथे आहे.

याचा पुरावा १९४३ सालीच मिळाला होता. नव्याण्णवाव्या तुकडीत आक्रमकता नाही, तिला आघाडीवरून हलवावे, असा अहवाल वरिष्ठ गोऱ्या अधिकाऱ्यांकडून गेला. त्या ऑक्टोबरात डेव्हिस यांनी वॉशिंग्टनमध्ये समितीपुढे आपल्या सहकाऱ्यांची बाजू मांडली. आपली माणसे अजिंक्य आहेत, असा दावा त्यांनी केला नाही. कोणत्या विमानांनिशी, किती अनुभवावर आणि कोणत्या परिस्थितीत ती लढली, हे त्यांनी सांगितले. पुढे युद्ध खात्याने या तुकडीची तुलना त्याच प्रकारची विमाने चालविणाऱ्या गोऱ्या तुकड्यांशी केली. दोहोंत लक्षणीय फरक नाही, असा निष्कर्ष निघाला. जानेवारी १९४४ मध्ये इटलीतील आन्झिओच्या आकाशात याच तुकडीने दोन दिवसांत शत्रूची डझनभर विमाने पाडली, हे खरे. पण माझ्या मते तिचा मोठा विजय ‘फरक नाही’ या दोन शब्दांत होता. २६ जुलै १९४८ रोजी अध्यक्ष ट्रुमन यांनी सैन्यात समान वागणुकीचा आदेश काढला, त्याच्या पायाशी हे साधे सत्य आहे.

आपल्याला हा इतिहास परका वाटू नये. लढाऊ जमातींच्या सिद्धांताचा आधार घेऊन ब्रिटिशांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची सैन्यभरती थांबविली होती. टस्कीगीला प्रशिक्षण सुरू झाले त्याच १९४१ साली बाबासाहेबांच्या प्रयत्नांना यश येऊन महार पलटण पुन्हा उभी राहिली. १९४६ साली बाबासाहेबांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्याकडे लक्ष वेधले होते. तेव्हा ही तुलना माझ्या पदरची नाही.

वर्गात अशी पुस्तके वाचून घेताना वहीच्या पानावर दोन रकाने आखावेत. एकात लेखकाने स्वतः पाहिले ते, दुसऱ्यात त्याने ऐकले ते. जहाजाची फळी, चौकशीची खोली, वॉल्टरबरोचे बंद दार पहिल्या रकान्यात येतील. कधीच न पडलेल्या विमानांची गोष्ट दुसऱ्यात जाईल आणि तेथे तिची तपासणी होईल. असे केल्याने लेखकाचा मान कमी होत नाही. उलट पहिल्या रकान्यातील साक्ष अधिक भक्कम होते. कारण तिच्याकडे आता कोणी बोट दाखवू शकत नाही.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हांला अनेकदा सांगितले जाईल की, तुम्हांला दुपटीने चांगले व्हावे लागेल. मेहनत अवश्य करा. परंतु एका विषयात नापास झालात, एखादी नोकरी हुकली, तर आपल्या माणसांचे नाव बुडाले असे मानू नका. आणि येथून शिकून गेलेल्या, आता निवृत्तीकडे झुकलेल्या माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे की, आपापल्या आठवणी लिहा. कारखान्यात, कचेरीत, पलटणीत, रुग्णालयात जे पाहिले ते लिहा. तारखा जपून लिहा. जेथे यश आले ते लिहा आणि जेथे विमान पडले तेही लिहा. युद्धानंतर जेफरसन डेट्रॉइटमध्ये शाळाशिक्षक झाले, मुलांना विज्ञान शिकवीत राहिले आणि १९७९ साली निवृत्त झाले. त्यांचे पुस्तक आले तेव्हा ते ८३ वर्षांचे होते. तेव्हा उशीर झाला, ही सबब आपल्यापैकी कोणालाही सांगता येणार नाही.