धुरके दिसते, ओझोन दिसत नाही

दिवाळी सरली, की ठाण्याच्या खाडीपासून कल्याणच्या उल्हास नदीकाठापर्यंत पहाटेच्या वेळी एक करडा पडदा उतरतो. येऊरचे डोंगर आणि मलंगगडाचा सुळका त्याआड जातात, दवाखान्यांतून खोकल्याचे व दम्याचे रुग्ण वाढतात आणि महापालिकांच्या सभागृहांत हवेच्या प्रदूषणाची चर्चा सुरू होते. थंडी ओसरून वारे मोकळे झाले, की पडदा उठतो आणि चर्चाही आटोपते. या हंगामी जागरूकतेतच एक मोठी गफलत दडलेली आहे. डोळ्यांना दिसते तेवढ्यालाच प्रदूषण मानण्याची आपल्याला सवय जडली आहे. लख्ख उन्हाच्या दुपारी, निरभ्र आकाशाखाली तयार होणारा ओझोन मात्र कोणाच्याच खिजगणतीत नसतो.

धुरक्याच्या दोन जाती आहेत. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस साचून राहिलेले धुरके कोळशाच्या धुराचे व गंधकाचे होते. त्यात चार हजारांवर माणसे दगावल्याचे तेव्हाच मान्य करण्यात आले आणि पुढे हा अंदाज बराच वाढला. त्याच सुमारास लॉस एंजेलिसमध्ये ऊन स्वच्छ असतानाही नागरिकांचे डोळे चुरचुरत, रबर तडकत असे आणि भाजीपाल्याची पाने करपत. हागेन-स्मिट या डच रसायनशास्त्रज्ञाने त्याचे कोडे उलगडले. मोटारींच्या धुरातील नायट्रोजनची ऑक्साइडे आणि पेट्रोल व द्रावकांच्या वाफा यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ओझोन जन्मतो, हे त्याने दाखवून दिले. शालेय पुस्तकांतून विद्यार्थ्यांना भेटणारा ओझोन हा उंच वातावरणात अतिनील किरण अडविणारा रक्षक असतो. वायू तोच, परंतु श्वासावाटे फुप्फुसात गेला म्हणजे तो तेथील नाजूक अस्तर दाहतो.

हा वायू कोणत्याही धुराड्यातून बाहेर पडत नाही, आणि म्हणूनच त्याचा गुन्हेगार सापडत नाही. तो तयार होण्यास काही तास लागतात व तेवढ्या अवधीत वारा त्याला दूर नेतो. शिवाय वाहनांच्या ताज्या धुरातील नायट्रिक ऑक्साइड ओझोनला गिळून टाकते. त्यामुळे गजबजलेल्या चौकात तो कमी आणि वाऱ्याच्या दिशेला असलेल्या उपनगरांत अधिक, असा उलटा न्याय दिसतो. मुंबईवरून दुपारी वाहणारे समुद्रवारे पूर्वेकडे, म्हणजे ठाणे-डोंबिवलीच्या अंगानेच सरकतात. मुंबईचा धूर वाटेत मुरून ओझोनच्या रूपाने या शहरांच्या वाट्याला येण्यास भूगोल असा अनुकूल आहे. त्यात घोडबंदर मार्गावरील अवजड वाहतूक, आणि रंग-रसायनांच्या कारखान्यांतील द्रावकांच्या वाफांची भर. मुंबईत नोकरी करून डोंबिवलीत बिऱ्हाड थाटणाऱ्या कारकुनाच्या पाठोपाठ मुंबईचा धूरही घरी येतो म्हणावयाचा!

डोंबिवलीचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या पाहणीत हे क्षेत्र देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत गणले गेले. २०१४ मध्ये येथे हिरवा पाऊस पडला, २०२० मध्ये रस्ता गुलाबी झाला, २०१६ आणि २०२४ च्या मे महिन्यांत भीषण स्फोटांनी माणसांचे बळी घेतले. प्रत्येक वेळी मंत्री आले, पाहणी झाली, धोकादायक कारखाने अन्यत्र हलविण्याची भाषा झाली. रंग दिसतो आणि स्फोट ऐकू येतो. रोज मुकाट्याने उडून जाणाऱ्या द्रावकाच्या वाफेसाठी मात्र कोणाचा दौरा निघत नाही.

शासकीय धोरणाची तऱ्हाही याहून वेगळी नाही. २००९ च्या राष्ट्रीय मानकांनी ओझोनची मर्यादा आठ तासांसाठी घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम ठरविली. २०१५ मध्ये सुरू झालेल्या हवा गुणवत्ता निर्देशांकातील आठ प्रदूषकांतही तो आहे. परंतु जानेवारी २०१९ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाचे उद्दिष्ट केवळ धूलिकण घटविण्याचे आहे. ज्याचे गुण मिळतात तेवढाच अभ्यास करावा, हा विद्यार्थ्यांचा खाक्या महापालिकांनीही उचलला. म्हणून रस्ते झाडणारी यंत्रे व पाण्याचे तुषार उडविणाऱ्या गाड्या खरेदी होतात. ओझोनवर या तुषारांचा काडीमात्र परिणाम होत नाही.

आधी धूळ तरी आवरा, असे कोणी म्हणेल, आणि ते वावगे नाही. सूक्ष्म धूलिकणांनी होणारी जीवितहानी ओझोनहून अधिक आहे. पण दोहोंचा उगम बऱ्याच अंशी एकच असताना अर्ध्याच शत्रूशी लढण्यात शहाणपण कोणते? एकाच घटकावर नेम धरला तर काय होते, ते २०२० च्या टाळेबंदीत दिसले. रस्ते ओस पडून नायट्रोजनची ऑक्साइडे घटली, तरी देशातील काही शहरांत ओझोन वाढला, कारण त्याला गिळणारा धूरच उरला नव्हता. तेव्हा वाहनांचा धूर आणि द्रावकांच्या वाफा यांना एकाच वेळी लगाम घालणे भाग आहे. कारखान्यांतील गळतीची नियमित तपासणी आणि पेट्रोल पंपांवर वाफ पकडणारी यंत्रणा, ही कामे तुषारगाड्यांइतकी दिखाऊ नाहीत, एवढाच त्यांचा दोष.

पिकांचाही विचार व्हावयास हवा. पानांच्या रंध्रांतून शिरलेला ओझोन वाढ खुंटवितो. भाताला पावसाळी ढगांचे संरक्षण असते. शहापूर-मुरबाडकडे पावसाळ्यानंतर होणाऱ्या कडधान्यांना व भाजीपाल्याला ते नसते.

मोजणी केंद्रे मोठ्या रस्त्यांपासून दूर, वस्तीत आणि शहराच्या पूर्व कडेला उभी राहिल्याखेरीज या भागातील ओझोनचे खरे चित्र हाती येणार नाही. मुखपट्टी धूळ अडविते, वायू नव्हे; तेव्हा वेळ सांभाळणे हाच सामान्य माणसाचा उपाय. हिवाळ्यात धुरके सकाळी दाट असते, उन्हाळ्यात ओझोन दुपारी चढतो. शाळेची कवायत कधी घ्यावी आणि मैदानावरील सामने कधी थांबवावेत, हे ठरविण्यासाठी मुख्याध्यापकाला त्या दिवसाचा, त्या परिसराचा आकडा हवा. तो त्याने संकेतस्थळे धुंडाळून मिळवावा, अशी अपेक्षा न ठेवता महापालिकेने रोज सकाळी प्रत्येक शाळेत कळवावा.