‘तुला येतं ना, मग तूच कर!’ : गटकामाचे गुण आणि जातीची उतरंड



मागच्या महिन्यात डिझाइनच्या एका कॉलेजात गटप्रकल्पाचे सादरीकरण होते. विषय, वर्गातले बाक. पहिली-दुसरीसाठीचा बाक आमच्या वस्तीतल्या शाळेत वापरून पाहिला होता, म्हणून मलाही बोलावले होते. पाच जणांचा गट. त्यातला एक मुलगा आमच्याच वस्तीतला, वडील फॅब्रिकेशनच्या दुकानात वेल्डिंग करतात.

त्याने काय केले ते मी स्वतः पाहिले होते. गटाने कागदावर बसण्याची उंची 38 सेंटिमीटर धरली होती. हा पोरगा शाळेत आला, पोरांसमोर जमिनीवर बसला आणि टेपने एकेकाच्या गुडघ्यामागच्या खळगीपासून टाचेपर्यंतचे माप घेतले. 38 ठेवले तर पोरांचे पाय लोंबकळणार, हे त्याने दाखवून दिले. उंची 31 वर आली. पुढे चौकोनी पाइप कापणे, वेल्डिंग, कडा घासणे, सगळे त्याच्याच गळ्यात. का? तर ‘तुला येतं ना, मग तूच कर!’

सादरीकरण मात्र फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्याने केले. 31 चा आकडा त्याने असा सांगितला, जणू तो त्यालाच सुचला. आमचा मुलगा मागे बाकाला हात लावून उभा.

सांघिक कामाला 20 पैकी गुण होते. बोलणाऱ्याला 18, याला 11. सरांना विचारले तर म्हणाले, “मॅडम, तो फार शांत असतो. आणि गुण मुलांनीच एकमेकांना दिलेत, त्यात आमचा हात नाही.”

हात नाही, हीच तर तक्रार आहे! त्या फॉर्मवर रकाने कोणते? नेतृत्व, संवाद, पुढाकार. माप घेणे, चूक पकडणे, वस्तू उभी करणे यांना रकानाच नाही. ग्राइंडर चालू असताना माणूस बोलणार तरी काय? उरलेले चौघे एका कंपूतले, त्यांनी एकमेकांना भरभरून दिले. कुणी जात काढली नाही. काढायची गरजच पडली नाही.

1936 च्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ मध्ये बाबासाहेबांनी दाखवून दिले की जात कामाची नव्हे, काम करणाऱ्यांची वाटणी करते, आणि तीही वरखाली. त्या गटात दुसरे काय झाले? बापाचे काम मुलाला येते, म्हणून कॉलेजात येऊनही त्याने तेच करायचे. ज्याला येत नाही त्याला ते शिकवायचे नाही, आणि याला बोलण्याची संधी द्यायची नाही. मग हे शिक्षण कसले? ‘एम्स’मधल्या भेदभावाची चौकशी करणाऱ्या थोरात समितीपुढे एससी-एसटी विद्यार्थ्यांनी तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षांबद्दलच तक्रारी केल्या होत्या. जिथे गुण परीक्षकाच्या मतावर, तिथे आपले पोर मागे, हे आपल्याला नवीन नाही.

काही जण म्हणतात, सगळ्यांना सारखेच गुण द्या. नको. त्यात कामचुकाराची चैन होते आणि ‘तूच कर’ आणखी पक्के होते. आणि थोडे आपल्याबद्दलही. हा किस्सा मी आमच्या बैठकीत सांगितला तेव्हा आपलाच एक कार्यकर्ता म्हणाला, “त्याने वेल्डिंग करायलाच नको होतं.” का नको? लाज त्या कामाची नाही. ते एकट्यावर लादले आणि त्याचे श्रेय लाटले, राग त्याचा आहे.

म्हणून मागणी गुणांच्या पद्धतीबद्दल करा. कुणी काय केले त्याची रोजची नोंदवही, तारखेसह. प्रत्येकाने हत्यार धरायचे आणि प्रत्येकाने बोलायचे, पाळीपाळीने. मित्राला 5 पैकी 5 देणाऱ्याने एका ओळीत कारण लिहायचे. निकष काम सुरू होण्याआधी लेखी मिळायला हवेत. आणि परीक्षकाने बाकाजवळ उभे राहून एकेकाला वेगळे विचारावे, उंची 31 च का? त्या दिवशी हा एकच प्रश्न विचारला असता तर 18 आणि 11 ची अदलाबदल झाली असती.

पुढच्या सत्राचे गट अजून पडलेले नाहीत. त्याआधी विभागप्रमुखांना अर्ज द्यायचा आहे. मसुदा त्या ‘शांत’ मुलानेच लिहिला, दोन पानी. मी फक्त शुद्धलेखन तपासले. सोमवारी तो स्वतः घेऊन जाणार आहे, सोबत आणखी सहा जणांच्या सह्या आहेत.