धाकटी पोरं फडावरच असतात

दसरा-दिवाळी आटोपली की बीडच्या डोंगरपट्ट्यातल्या ऊसतोड टोळ्या साखर कारखान्यांची वाट धरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, मुकादमाकडून आधीच घेतलेली. पोरांचं काय, तर सरकारी उत्तर तयार असतं: गावीच ठेवा, हंगामी वसतिगृह आहे.

उत्तर निम्मं बरोबर आहे. आजीपाशी राहणाऱ्या चौथीतल्या मुलाचं वर्ष त्यानं खरंच वाचतं. पण तीन वर्षांचं पोर आईवाचून पाच महिने कसं काढणार? शिवाय ही सोय त्याच्यासाठी नाहीच. २००९चा शिक्षणहक्क कायदाही सहाव्या वर्षापासून लागू होतो. मग ते टोळीच्या झोपडीवर, कोपीवर, येतं आणि त्याला सांभाळायला आठ वर्षांची बहीणही येते. धाकट्याची सोय नाही म्हणून थोरलीची शाळा सुटते. वसतिगृहांचा हिशेब मांडणारे ही गळती कुठल्या रकान्यात धरतात?

‘आईबापांनाच शिक्षणाचं पडलेलं नाही’ असंही ऐकवलं जातं. पहाटे अंधारात फडात शिरायचं, मोळ्या वाहायच्या, गाडी आली की रात्री-अपरात्री भरायची. यातून वेळ काढून लांबच्या अंगणवाडीत पोराला सोडायचं कुणी? त्यातही कारखाना कर्नाटकातला असेल तर अंगणवाडी कन्नड.

मग कोप्यांवरच शाळा काढा म्हटलं, तर कोप्या हलतात, तिथं शाळा चालणार कशी, हा आक्षेप त्यातल्या त्यात वजनदार. ट्रॅक्टरच्या टोळ्या हलतात हे खरंच. पण बैलगाडीवाले बहुधा हंगामभर कारखान्याजवळच असतात. तिथं ‘जनार्थ’सारख्या संस्थांनी साखरशाळा चालवून दाखवल्या. त्याच्याही कितीतरी आधी, १९४५ साली बोर्डीत कामाला लागलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पुढं कोसबाडला पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली. भावंडांना सांभाळणारी मुलगी त्याशिवाय वर्गात येणार नव्हती. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळाही काढली.

तेच कोप्यांवर करायला हवं. गाळप परवान्यालाच पाळणाघर-बालवाडीची अट घाला. टोळीतल्याच एखादीला प्रशिक्षण देऊन सेविका नेमा. मात्र पगार कोयत्याच्या मजुरीहून कमी नको, नाहीतर ती फडातच जाईल. हलत्या टोळीबरोबर सेविकाही हलेल.

किती पोरं येणार ते आधी कळत नाही, ही सबब तर टिकणारीच नाही. उचल हंगामाच्या कितीतरी आधी दिली जाते. कुठला कोयता कुठल्या कारखान्याला जाणार हे मुकादमाच्या वहीत पावसाळ्यातच लिहिलेलं असतं. त्याच पानावर पोरांची नावं आणि वयं लिहायला त्याला फार तर दोन ओळी जास्त लागतील.